दाताच्या खुर्चीवर पेशंटची तब्येत बिघडली तर? पेटी आहे, पुढे काय?

कृष्णाकाठचा (सांगली)

आमच्या डेंटिस्ट मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा एका ज्युनिअरनं विचारलं, "इमर्जन्सी किटमध्ये काय काय ठेवता?" तासाभरात पेट्यांच्या फोटोंची रांग लागली. जवळजवळ प्रत्येक पेटीत तेच: एव्हिल (खाजेवरचं), एफकॉर्लिन आणि डेक्सोना (दोन्ही स्टेरॉइड), डेरिफायलिन (दम्यावरचं), अ‍ॅट्रोपिन आणि कोपऱ्यात अ‍ॅड्रेनलिनची एखादी अँप्युल. मी एवढंच विचारलं, "अ‍ॅड्रेनलिन किती, कुठे, आणि देणार कोण?" त्यावर अंगठे भरपूर आले, उत्तरं मोजकी. त्यांतही तीन तऱ्हा. एक म्हणाला त्वचेखाली, एक म्हणाला शिरेतून, एक म्हणाला "आधी एव्हिल देऊन बघू."

म्हणून हा धागा. इथे डॉक्टर आहेत, दवाखान्यांत काम करणारे आहेत आणि दाढ ठणकली की आमच्याकडे येणारे तर सगळेच आहेत. सगळ्यांनी लिहावं.

माझं म्हणणं असं की पेटी विकत घेणं सोपं आहे. खुर्चीवरचा माणूस पांढराफटक पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर पेटी कपाटातच राहते.

काय काय घडू शकतं याचा अंदाज यावा म्हणून काही आकडे. अमेरिकेत १९८६ आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांची बेरीज पाठ्यपुस्तकात असते: ४,३०९ दंतवैद्य, दहा वर्षांचा काळ, एकूण ३०,६०८ घटना. त्यांतल्या १५,४०७, म्हणजे निम्म्या, नुसती भोवळ येऊन शुद्ध हरपण्याच्या. छातीत कळ येण्याच्या २,५५२, फिट्स १,५९५, दम्याचे झटके १,३९२, हृदय बंद पडण्याच्या ३३१ आणि अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या (अचानक येणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीच्या) ३०४. आकडे जुने आहेत, देशही वेगळा, पण साधारण हाच क्रम इथेही दिसतो.

भोवळीचं पुराण फार लांबवत नाही. खुर्ची आडवी, पाय वर, कपडे सैल, तोंडातला कापूस-अवजारं बाहेर. मेंदूकडे रक्त गेलं की मिनिटभरात माणूस डोळे उघडतो. गरोदर बाई असेल तर उताणी न ठेवता डाव्या कुशीवर कलती करायची, नाहीतर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो. गंमत म्हणजे पडणारा बहुतेक वेळा तगडा तरुण गडी असतो, "सुईला कोण घाबरतंय डॉक्टर" म्हणणारा. त्याला बसता करून पाणी पाजायची घाई नातेवाइकांना असते. ते करू द्यायचं नाही.

खरी कसोटी पुढे आहे. आडवं करूनही दोन-तीन मिनिटांत माणूस शुद्धीवर आला नाही, तर ती भोवळ नाही असं धरून चालायचं. साखर उतरली आहे का, श्वास आहे का, नाडी आहे का, अंगावर गांधी उठल्या आहेत का, हे बघायचं. तेव्हा डॉक्टरचे दोन हात पुरत नाहीत आणि आपले बहुतेक दवाखाने एक डॉक्टर, एक मदतनीस असेच आहेत.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? पेटीची यादी नको, पद्धत लिहा.

---

गॅसमन (नाशिक)

भूलतज्ज्ञ आहे, काही डेंटल क्लिनिक्सना सेडेशनसाठी (पेशंटला गुंगी द्यायला) जातो. धागा हवाच होता.

"आधी एव्हिल देऊन बघू" या वाक्यावर माझा जुना राग आहे. एव्हिल खाज कमी करतं. घशाची सूज, आवळलेली श्वासनलिका आणि कोसळलेलं बीपी यांवर ते काही करत नाही. एफकॉर्लिन-डेक्सोनाचा परिणाम दिसायला तास लागतात. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये जीव वाचवणारं औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन, आणि ते पहिलं द्यायचं.

नीट लिहून घ्या. अँप्युलवर १:१००० म्हणजे एका मिलीत १ मिग्रॅ. मोठ्या माणसाला अर्धा मिली, स्नायूत, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला. पँटवरून दिलं तरी चालतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ०.३ मिली, त्याहून लहानाला ०.१५. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा तेवढंच. शिरेतून देण्याच्या भानगडीत पडू नका. ते आयसीयूत, मॉनिटर लावून, आमच्यासारख्यांनी करायचं काम आहे. चुकीच्या मात्रेत शिरेतून गेलेलं अ‍ॅड्रेनलिन चांगलं हृदय बंद पाडू शकतं.

दोन बारीक गोष्टी. एक, अँप्युलला चिकटपट्टीनं १ मिलीची सिरिंज आणि स्नायूपर्यंत पोचेल अशी एक इंची सुई बांधून ठेवा. इन्सुलिनची सिरिंज नको, तिची सुई मांडीच्या चरबीतच संपते. दोन, औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर फेका, मुदत असली तरी. उजेडात ठेवलं की बिघडतं. काचेच्या शोकेसमध्ये मांडलेल्या पेट्या बघितल्या आहेत मी.

आणि पेशंटला चालवत रिक्षापर्यंत नेऊ नका. बीपी पडलेल्या माणसाला एकदम उभं केलं तर तिथेच हृदय थांबू शकतं. श्वास लागत असेल तर पाय लांब ठेवून बसू द्या, नाहीतर आडवाच. बरा वाटला तरी हॉस्पिटलात पाठवा. काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

---

निशिगंधा (पुणे)

मी डॉक्टर नाही, पेशंटची मुलगी म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे. दाढ काढायची म्हणून ते सकाळी उपाशी गेले, गोळी मात्र न चुकता घेतली. नंबर यायला दुपार झाली. खुर्चीवर बसल्यावर घामाघूम झाले, असंबद्ध बोलायला लागले. दवाखान्यातल्या लोकांना आधी वाटलं घाबरलेत. माझ्या पर्समध्ये गोळ्या-चॉकलेटं होती म्हणून निभावलं. दात काढताना उपाशी यावं लागतं का हो?

---

कृष्णाकाठचा

निशिगंधाताई, नाही. नुसतं हिरडीत इंजेक्शन देऊन दात काढायचा असेल तर उपाशी यायचं काही कारण नाही, उलट नाश्ता करून, रोजच्या गोळ्या घेऊन या असंच आम्ही सांगतो. उपाशीपोटी येणं पूर्ण भूल किंवा शिरेतून सेडेशन असेल तेव्हाच. पण "ऑपरेशन म्हणजे उपाशी" हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की फोनवर नंबर देतानाच सांगावं लागतं. डायबेटिसवाल्यांना शक्यतो सकाळचा पहिला नंबर.

घाम, हाताची थरथर, चिडचिड, बडबड म्हणजे साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा ग्लुकोमीटरच हाताशी नसेल, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुगर-फ्री गोळीनं काही होत नाही, हेही घडलेलं ऐकलं आहे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखरही नाही. मग शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, किंवा स्नायूत १ मिग्रॅ ग्लुकॅगॉन (रक्तातली साखर वाढवणारं औषध). ग्लुकॅगॉन आपल्याकडे महाग आणि दुर्मीळ, आणि शीर शोधायचा सराव बहुतेक डेंटिस्टांचा सुटलेला. म्हणून तिथवर वेळ येऊ न देणं महत्त्वाचं.

---

खवचट

सगळं ठीक, पण या सगळ्याचा खर्च शेवटी आमच्या रूट कॅनालच्या बिलात येणार ना? आधीच दाताच्या डॉक्टरकडे जाताना दातापेक्षा खिसा जास्त दुखतो.

---

कृष्णाकाठचा

खवचटराव, अपेक्षित प्रश्न! अ‍ॅड्रेनलिन, डिस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिन), सॉर्बिट्रेट (छातीतल्या कळेवरची गोळी), ग्लुकोज पावडर, अ‍ॅस्थलिनचा दम्याचा पंप हे सगळं मिळून दातावर बसवायच्या एका कॅपच्या किमतीच्या आसपासही जात नाही. ग्लुकोमीटर आणि बीपीचं यंत्र बहुतेकांकडे असतंच, ऑक्सिमीटर तर कोरोनानं घरोघर पोचवला. खर्चाचं म्हणाल तर ऑक्सिजन सिलिंडर आणि त्याहून जास्त एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं स्वयंचलित यंत्र. ते एकट्या दवाखान्याला जड जातं. पण एकाच इमारतीत फिजिशियन, डेंटिस्ट, पॅथॉलॉजी लॅब असे चार-पाच जण असतील तर वर्गणी काढून तळमजल्यावर एक ठेवता येतं. आम्ही त्या खटपटीत आहोत. लिफ्टच्या दुरुस्तीला वर्गणी देणारे यालाही देतील अशी आशा आहे.

---

गॅसमन

ऑक्सिजनचा विषय निघालाच आहे तर. डेंटल क्लिनिकला बी टाइप सिलिंडर पुष्कळ झाला. भरलेला असेल तर साधारण १,५०० लिटर, मिनिटाला १० लिटरनं अडीच तास. बारीक नाकनळी नको, पिशवीवाला मास्क घ्या. आणि श्वासच थांबला तर नुसत्या मास्कचा उपयोग नाही, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) लागते.

पण सिलिंडर असूनही ऑक्सिजन न मिळणं हे आपल्याकडे नवं नाही. वैद्यकीय निष्काळजीपणावरचा सुप्रीम कोर्टाचा जो निकाल सगळे डॉक्टर तोंडपाठ सांगतात, जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य, २००५, तो मुळात याच गोष्टीवरून उभा राहिला. रुग्णाला धाप लागली, सिलिंडर आणला, तो रिकामा निघाला, दुसरा येईपर्यंत रुग्ण गेला. कोर्टानं डॉक्टरांवरचा फौजदारी खटला रद्द केला. तेवढं आपण लक्षात ठेवतो. रिकाम्या सिलिंडरबद्दल रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी असू शकते हेही त्याच निकालात लिहिलं आहे, ते विसरतो.

म्हणून आठवड्यातून एकदा सिलिंडर उघडून काटा बघा. आणि तो उघडायची चावी सिलिंडरलाच साखळीनं बांधा. ड्रॉवरमध्ये ठेवलेली चावी नेमकी त्या दिवशी सापडत नाही.

---

लेस्टरकर (इंग्लंड)

मूळचा कोल्हापूरचा, इथे बरीच वर्षं डेंटल प्रॅक्टिसमध्ये आहे. तुलना करायची म्हणून नाही, उपयोग होईल म्हणून लिहितो.

इथे औषधांची यादी ठरलेली आहे आणि छोटी आहे: अ‍ॅड्रेनलिन, ३०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन, ग्लुकॅगॉन, छातीतल्या कळेवर जिभेखाली मारायचा जीटीएन स्प्रे, फिट थांबवायला गालात सोडायचं मिडाझोलॅम, तोंडानं द्यायचं ग्लुकोज, दम्याचा साल्ब्युटामॉल पंप आणि ऑक्सिजन. बास. डेरिफायलिन नाही, डेक्सोना नाही. यादी छोटी असली की प्रत्येक वस्तू कशासाठी आहे हे नर्सलाही माहीत असतं. शिवाय प्रत्येक प्रॅक्टिसमध्ये एईडी असावा अशी अपेक्षा आहे. पेशंटवर उपचार चालू असताना डॉक्टरखेरीज इमर्जन्सीचं प्रशिक्षण घेतलेलं आणखी एक माणूस तिथे हवं. दर पाच वर्षांत निदान दहा तास, वर्षाला दोन, या विषयाचं शिक्षण घ्यावं अशी आमच्या कौन्सिलची शिफारस आहे.

ही यादी उचलून सांगलीत लावा असं म्हणणार नाही. तिकडे मिडाझोलॅम मेडिकलवाला सहज देणार नाही आणि ग्लुकॅगॉनचं वर आलंच आहे. पण तयार किट मिळतं म्हणून त्यात येईल ते ठेवायचं, हे सोडायला हरकत नाही.

एक गोष्ट तिकडे फारशी कुणी बोलत नाही. अ‍ॅलर्जी म्हटलं की सगळे इंजेक्शनकडे बोट दाखवतात. दात काढल्यावरची कोरडी खाच, म्हणजे ड्राय सॉकेट, क्लोरहेक्सिडीननं धुताना अ‍ॅनाफिलॅक्सिस होऊन दोन रुग्ण दगावल्याची नोंद इथल्या दंतवैद्यकीय साहित्यात आहे. आम्ही आता ते सलाइननं धुतो. "माउथवॉशनं ओठ सुजले होते" असं पेशंट सांगत असेल तर हसण्यावारी नेऊ नका.

---

जुनाजाणता (ठाणे)

स्टेंट बसवलेला आहे. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या) चालू आहे. दाढ काढायची म्हणून पाच दिवस गोळ्या बंद करा असं मला एकदा सांगितलं होतं. बरोबर आहे का? दुसरं, मुलगा म्हणतो, "डेंटिस्टला गोळ्यांची यादी कशाला द्यायची, तो काय हार्टचा डॉक्टर आहे?"

---

कृष्णाकाठचा

काका, हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. दाढेच्या जागचं रक्त टाके घालून, बोळा दाबून, औषधी स्पंज भरून थांबवता येतं. स्टेंटमधली गाठ आम्हाला थांबवता येत नाही. यादी तर द्याच, मोबाइलमध्ये पट्ट्यांचे फोटो काढून ठेवले तरी चालेल. तुमच्यासारख्यांना आम्ही अ‍ॅड्रेनलिनमिश्रित भुलीचं इंजेक्शन हात राखून देतो. आपल्याकडच्या १:८०,००० प्रमाणात अ‍ॅड्रेनलिन असलेल्या औषधात हृदयरोग्यासाठी मर्यादा साधारण ३ मिलीची धरतात, हे यादीशिवाय आम्हाला कसं कळणार? बीपी १८०/११० च्या वर असेल तर घाई नसलेलं काम त्या दिवशी करतच नाही. लोक रागावतात, "बस भाडं खर्चून आलो" म्हणतात, तरी नाही.

खुर्चीवर छातीत कळ आलीच तर काम थांबवायचं आणि पेशंटला सोयीचं वाटेल तसं, बहुतेकदा अर्धवट बसतं ठेवायचं. बीपी बघून ५ मिग्रॅ सॉर्बिट्रेट जिभेखाली. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर नाही. आणि एक अवघड प्रश्न विचारावाच लागतो: गेल्या २४ तासांत व्हायग्राची गोळी घेतली का? टाडालाफिल असेल तर ४८ तास. दोन्ही मिळून बीपी धाडकन खाली जातं. बायको शेजारी उभी असताना कुणी खरं सांगत नाही, तिला आधी पाण्याचा पेला आणायला पाठवा. कळ थांबत नसेल तर ३०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन चावून. इकोस्प्रिन ७५ असेल तर चार गोळ्या, चावून, नुसत्या गिळून नाही. आणि १०८ ला फोन कळ सुरू झाली तेव्हाच गेलेला असला पाहिजे.

---

रिसेप्शनवरची (सातारा)

सर, तुम्ही सगळे औषधांवर बोलताय. १०८ ला फोन करणारी मी असते म्हणून लिहिते.

आम्हाला कोणी कोर्सला पाठवत नाही. डॉक्टर बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचा कोर्स) करून येतात, सर्टिफिकेट भिंतीवर लागतं. पेशंट पडला की डॉक्टर ओरडतात "अगं ते आण", आणि 'ते' म्हणजे काय ते कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्याकडे एक आजी पडल्या तेव्हा पहिली दोन मिनिटं यातच गेली. आजी नंतर ठणठणीत, पण मॅडमना मी त्याच संध्याकाळी म्हटलं, आता हे ठरवायचं.

मग आम्ही ठरवलं. मॅडम पेशंटचं डोकं सोडणार नाहीत. पेटी आणि ऑक्सिजन मी आणणार. फोन बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी करायचा नाही, ते घाबरलेले असतात, पत्ता चुकवतात. फोन मी करणार, स्पीकरवर, हात मोकळे ठेवून. पत्ता कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलाय, कारण घाबरल्यावर आपल्याच दवाखान्याचा पत्ता तोंडात येत नाही. त्यात 'बसस्टँडच्या मागे' असलं काही नाही. रस्ता, इमारत, मजला, समोर काय आहे ते. आणि "पेशंट शुद्धीवर नाही, श्वास असा असा आहे" हे वाक्यही लिहून ठेवलंय. तिकडचा माणूस फोन ठेवा म्हणेपर्यंत ठेवायचा नाही.

एका नातेवाइकाला खाली रस्त्यावर उभं करायचं, गाडीला हात करायला. त्याला काम मिळतं आणि आतली गर्दीही कमी होते. दुसऱ्याला लिफ्ट धरून ठेवायला. आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही हे आम्ही ठरवायला बसलो तेव्हा कळलं. आता चाकाची खुर्ची खालच्या मेडिकलवाल्या दादांकडून आणायची असं ठरलंय. पार्किंगमध्ये आडवी लावलेली गाडी हा तर वेगळाच विषय.

आणखी एक, वेळ लिहून ठेवायची. कोणतं औषध किती वाजता दिलं ते मी हातमोज्याच्या खोक्यावर लिहिते, तेच हातात पडतं.

---

गॅसमन

रिसेप्शनवरच्या ताईंच्या प्रतिसादाला दंडवत. +१०० द्यायची सोय असती तर दिले असते. कोर्सबद्दल: आपल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी कोल्स नावाचा प्रकार आणला, फक्त छाती दाबायची, तोंडानं श्वास द्यायचा नाही. तो शिकायला डॉक्टर असायची गरज नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्र विभागात विचारा.

खुर्चीवर सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) हा नेहमीचा प्रश्न. शंभर किलोच्या बेशुद्ध माणसाला त्या चिंचोळ्या जागेत खाली उतरवायला मिनिटं जातात, त्यात कुणाची तरी पाठ धरते. खुर्ची पूर्ण आडवी आणि खाली घ्या, ट्रे आणि दिवा बाजूला, आणि पाठीच्या टेकूखाली तुमचं बसायचं स्टूल घट्ट बसवा, म्हणजे दाबताना खुर्ची खाली-वर होत नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. आज संध्याकाळीच तुमचं स्टूल तिथे बसतं का ते बघा, काही खुर्च्यांना फार उंच पडतं. बसत नसेल, किंवा खुर्ची हलतेच आहे असं वाटलं, तर जमिनीवर घ्या.

---

पेडणेकर_भुरगीं (गोवा)

मी लहान मुलांची डेंटिस्ट. आमच्याकडे १०८ महाराष्ट्राच्या आधीपासून आहे आणि गोवा एवढासा, म्हणून आम्ही जरा निवांत असतो. तेही बरं नव्हे.

मुलांच्या बाबतीत माझी काळजी वेगळी आहे, भुलीच्या औषधाची मात्रा. आपल्याकडे लिग्नोकेन (भुलीचं नेहमीचं औषध) ३० मिलीच्या बाटलीत मिळतं. एकेक मिलीनं काढत जातात आणि किती गेलं ते कोणी मोजत नाही. हिशेब सोपा आहे. दोन टक्के म्हणजे एका मिलीत २० मिग्रॅ. मुलाला किलोमागे ४.४ मिग्रॅच्या वर जायचं नाही. १५ किलोचं पोर म्हणजे ६६ मिग्रॅ, म्हणजे ३.३ मिली. चारही बाजूंचे दात एकाच बैठकीत उरकायला गेलात की हे सहज ओलांडलं जातं. मूल अचानक बडबडायला लागलं, थरथरायला लागलं किंवा गुंगलं तर "दमलं बिचारं" म्हणू नका. वजन केसपेपरवर लिहा आणि सिरिंज भरायच्या आधी मर्यादा काढा.

आणि लहान अवजारं, क्राउन, इम्प्लांटचे स्क्रूड्रायव्हर यांना फ्लॉसचा दोरा बांधा. घशात गेलं तरी ओढून काढता येतं.

---

खवचट

एक भाबडा प्रश्न. आमच्या शेजारच्या मुलाला दवाखान्यात फिट आली तेव्हा कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा आणायला पळालं आणि एकानं दातांत चमचा घातला. दाताच्या दवाखान्यात चमच्यांची कमी नाही म्हणा...

---

पेडणेकर_भुरगीं

चप्पल नको, कांदा नको, चमचा तर अजिबात नको. दात मोडतो, तुकडा श्वासनलिकेत जातो. आमचं काम उलटं असतं, तोंडात जे असेल ते पहिल्यांदा बाहेर काढायचं, ट्रे लांब ढकलायचा, हातपाय धरून ठेवायचे नाहीत आणि घड्याळ बघायचं. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत थांबते, मग कुशीवर वळवायचं. पाच मिनिटं झाली तरी चालूच असेल तर मिडाझोलॅम आणि १०८. नाकात मारायचा मिडाझोलॅम स्प्रे आपल्याकडे मिळतो. अशा मुलांच्या घरी तो बहुधा असतोच, येताना घेऊन यायला सांगा. आणि त्या दिवशी सकाळची गोळी चुकली नाही ना, हेही विचारा.

---

निशिगंधा

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. एक राहिलं. भुलीच्या इंजेक्शनची आधी हातावर टेस्ट करून घ्यावी का? आमच्या ओळखीतले बरेच जण तसा आग्रह धरतात.

---

गॅसमन

सरसकट नको. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ. "मला इंजेक्शन सोसत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना भोवळ आलेली असते किंवा त्यातल्या अ‍ॅड्रेनलिननं छातीत धडधड झालेली असते. बाटलीतल्या औषधात टिकाऊपणासाठी मिथाइलपॅराबेन असतं, त्याचीही क्वचित अ‍ॅलर्जी असते. हातावर फुगवटा आला नाही म्हणजे पुढे काही होणार नाही अशी हमी नाही, आणि टेस्टच्या थेंबानंही अ‍ॅनाफिलॅक्सिस होऊ शकतो. आधी खरोखर अंगावर गांधी, सूज, दम असं झालं असेल तर अ‍ॅलर्जी-तज्ज्ञाकडे रीतसर तपासणी करा.

---

कृष्णाकाठचा

रिसेप्शनवरच्या ताई, तुमचा फोनशेजारचा कागद इथे टाकाल का? आमच्याकडे पुढच्या शनिवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून रंगीत तालीम करणार आहोत. मी पेशंट होणार, कोसळणार, बाकीच्यांनी मला वाचवायचं. घड्याळ लावून. मदतनीस मुली आत्ताच खूश आहेत.

---

रिसेप्शनवरची

हो सर, घ्या. जसाच्या तसा, पत्ता तेवढा गाळलाय.

"१०८. मी ___ डेंटल क्लिनिकमधून बोलते. सातारा, ___ रस्ता, ___ इमारत, दुसरा मजला, समोर ___ बँक. पेशंट बाई/पुरुष, वय ___. शुद्ध आहे/नाही. श्वास आहे/नाही/घरघर. काय चालू होतं: दात काढणे/इंजेक्शन/सफाई. काय दिलं: ___, किती वाजता: ___. लिफ्ट आहे, स्ट्रेचर मावत नाही. खाली माणूस उभा आहे, शर्टचा रंग ___."

खाली मॅडमनी लाल पेननं लिहिलंय: "श्वास नाही तर आधी छाती, मग फोन स्पीकरवर."

---

गॅसमन

त्यात एक ओळ वाढवा ताई: "घरघर म्हणजे श्वास नाही." हृदय बंद पडल्यावर माणूस मिनिटभर मासळीसारखा तोंड उघडून आचके देत राहतो आणि बघणारे म्हणतात, श्वास चालू आहे. तिथेच सीपीआरला उशीर होतो. तुमच्या कागदात "श्वास आहे/नाही/घरघर" असे तीन पर्याय आहेत, त्यातला तिसरा खोडून दुसऱ्यात टाका.

---

रिसेप्शनवरची

खोडला. मॅडमना दाखवून नवा कागद लॅमिनेट करायला दिलाय.